जलतरंगाचे पाणी

धुळ्याच्या ज्ञानवर्धक कॉलेजात सेहेचाळीस साली वाद्यवृंद निघाला. एके दिवशी वर्ग सुटल्यावर मुले नेहमीसारखी संगीताच्या खोलीत जमली. नूर महंमद मास्तरांनी पेटीवर सूर धरला, सतारी जुळल्या, झुलाल पाटलाने दिलरुब्याच्या खुंट्या पिळल्या आणि मग सगळे सुपडूसाठी खोळंबून बसले.

सुपडू जलतरंग शिकत होता. चिनी मातीच्या वाट्या अर्धगोलात मांडायच्या, प्रत्येकीत हवे तेवढे पाणी घालून तिचा सूर लावायचा आणि वेळूच्या बारीक काड्यांनी काठावर वाजवायचे. पाणी वाढले की सूर उतरतो, कमी झाले की चढतो. पाण्याला हात लावल्याशिवाय हे वाद्य येणे नाही, आणि सुपडू पडला शिंदखेड्याकडच्या एका महारवाड्यातला!

कॉलेजने यावर तोड काढली होती. माठातले पाणी झुलालने ओतायचे, वाट्या सुपडूने वाजवायच्या. तांब्या वाटीला लागला तर बाटेल, म्हणून झुलाल तो उंच धरून वरून धार सोडी.

"अजून थेंबभर," सुपडू म्हणे.

थेंबाऐवजी भसकन अर्धी वाटी भरे. मग सुपडूने जास्तीचे पाणी चमच्याने काढायचे, कापसाच्या बोळ्याने टिपायचे, ते जास्त टिपले गेले की पुन्हा झुलालकडे बघायचे. छात्रालयातले आपले मडके तो आणू म्हणाला, तर ते बैठकीवर चालेना.

"बेटा, दुसऱ्याच्या हातानं सूर लागत नसतो," मास्तर म्हणत आणि पुन्हा पेटीवर सूर धरत. त्या माठाला त्यांचाही हात चालत नव्हता. तहान लागली तर ते घरी जाऊन पीत.

तरीही पोरगा शिकला. एकट्याने वाजवणे वेगळे आणि दहाजणांत वाजवणे वेगळे. आपली जागा येईपर्यंत काड्या आवरून धरायच्या, झुलालच्या दिलरुब्याचा गज वळला की त्याच सुरावरून उचलायचे, पुन्हा मागे सरून सतारींना वाट द्यायची, हे सारे त्याने आत्मसात केले. वाजवताना तो आणि झुलाल एकमेकांकडे बघून हसत. खोलीबाहेर पडताच मात्र झुलाल चार पावले पुढे चालू लागे. तो वाईट मुलगा नव्हता. आपल्यापैकी बहुतेकजण असतात तसाच होता.

कॉलेजच्या वार्षिक संमेलनाचे चिटणीस असलेल्या प्रोफेसरांनी तर साप्ताहिकात बातमीही देऊन टाकली, की आमच्या वाद्यवृंदात हरिजन विद्यार्थी बसतो. सुधारणेचे एवढे स्वस्त पुण्य दुसरीकडे कोठे मिळाले असते?

संमेलनाचा दिवस उजाडला. आवारात मंडप पडला, उघड्या व्यासपीठावर बैठक मांडली गेली. मुलाचे वाजवणे ऐकायला सुपडूचा बाप चिंधा गावाहून उन्हातान्हात चालत आला होता. तो कनातीबाहेर, विहिरीच्या अलीकडे उभा राहिला. आत ये, असे त्याला कोणी म्हटले नाही. कोणी म्हणेल, असे त्यालाही वाटले नव्हते.

सुपडूने वाट्या मांडल्या आणि झुलालकडे पाहिले. झुलालने तांब्या उचललाच नाही.

"आज नको रे," तो खाली मान घालून म्हणाला. "भाऊ समोर बसलेत."

पहिल्या रांगेत झुलालचे वडील रुपचंद पाटील बसले होते. कॉलेजला त्यांची देणगी होती. पाटलाच्या मुलाने चारचौघांत महाराच्या पोरापुढे पाणी ओतायचे, हे त्यांना खपणारे नव्हते. पाणक्याला विचारले, तर तो कानावर हात ठेवून निघून गेला. चिटणीस धावतपळत आले. त्यांनी सुपडूला कनातीबाहेर नेले.

"हे बघ, घोटाळा करू नकोस. वाट्या रिकाम्या राहू देत. काड्या काठाला न लावता नुसत्या फिरव. पेटी आणि सतारी सांभाळून घेतील. तू बसलेला दिसलास म्हणजे झालं."

"सर, मग मी शिकलो कशासाठी?"

चिटणीस चिंधाकडे वळले. "तुम्ही समजवा याला. शिष्यवृत्तीवर शिकतोय, विसरू नका."

चिंधाने मुलाचा हात धरला.

"सुपडू, फिराव ना नुसत्या काड्या. काय जास तुनं? सगळा मोठा लोके शेतस. आपलं शिक्षन ऱ्हायी जाई."

"आबा, तुम्ही इतलं चालीसन काय ऐकाले उनात मंग?"

एवढे बोलून सुपडूने हात सोडवला. तो सरळ विहिरीकडे गेला. रहाटाची बादली खाली सोडली, भरून वर ओढली आणि ती घेऊन मंडपात शिरला. कोणीतरी ओरडले, "अरे, विहीर बाटवली!" पुढच्या रांगा उठून उभ्या राहिल्या. सुपडूने बैठकीवर बसून चमच्याने वाटी वाटीत पाणी घातले. आज त्याला कोणाकडे बघावे लागत नव्हते. काडी, चमचा, पुन्हा काडी, आणि सूर चटकन जागेवर बसत गेला.

मास्तरांनी पेटी सुरू केली. सुपडू आपल्या जागेची वाट पाहत थांबला. झुलालने गज उचलला, वळवला, आणि खालून रुपचंद पाटलांचा आवाज आला, "झुलाल, ऊठ!"

गज तसाच तारांवर थांबला. झुलालने एकदा सुपडूकडे पाहिले, दिलरुबा आडवा ठेवला आणि तो उतरला. मागोमाग सतारी उठल्या, तबला उठला. खुर्च्या सरकल्या, लोक बाहेर पडू लागले. ज्या सुरावरून उचलायचे, तो सूर आलाच नाही. सुपडूच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, तरी त्याने उचलले. पेटी आणि जलतरंग दोघेच शेवटपर्यंत वाजत राहिले. मंडपात खुर्च्या होत्या आणि कनातीच्या कडेला चिंधा होता.

वाजवणे संपताच चिटणीस चिंधापुढे उभे राहिले.

"मुलाला सगळ्यांसमोर माफी मागायला सांगा. मी व्यवस्थापक मंडळाकडे रदबदली करतो. नाहीतर उद्यापासून याला कॉलेज बंद. सांगा त्याला!"

चिंधाने जन्मात कधी साहेबापुढे वर मान केली नव्हती. मुलासाठी त्याने किती स्वप्ने पाहिली होती, हे त्याचे त्यालाच माहीत. त्याने जोहारासाठी हात उचलला, आणि तो तसाच खाली घेतला.

"साहेब, मना पोऱ्यानी पानी काढं, तं तो माफी कसानी मांगी?" तो म्हणाला. "मी त्यानं वाजाडेल ऐकाले उनू. ते ऐकी लिधं. आते तुम्ही कॉलेज बंद करा."

"अरे, त्याच्या जन्माचं नुकसान होईल!"

"ते तुम्ही करी ऱ्हायनात, साहेब. आम्ही नई."

मास्तर पेटी तशीच सोडून खाली उतरले. त्यांनी बापलेकांना आपल्या घरी नेले आणि पाणी दिले. दुसऱ्या दिवशी मास्तरांचा राजीनामा गेला, सुपडूचे नाव पटावरून गेले, आणि ज्ञानवर्धक कॉलेजाच्या विहिरीत भटजींनी गोमूत्र शिंपडले. संमेलन यशस्वी झाल्याची बातमी साप्ताहिकात आली. तीत वाद्यवृंदाचे कौतुकही होते.

वाचकहो, रुपचंद पाटलांना दोष देणे सोपे आहे. तो खुशाल द्या. पण त्या मंडपात आणखीही पुष्कळ खुर्च्या होत्या, आणि त्यांवरून उठून गेलेली माणसे शिकलेली होती, वर्तमानपत्रे वाचणारी होती. त्यांतला एकजण जरी बसून राहिला असता, तरी मुलाला आधार झाला असता. तुम्ही बसला असता का?