मॉरिशसचा पावणा

मेहमुदा नळावर पाणी भरताना स्वतःशीच रशियन बोलायची. गल्लीतल्या बायकांना आधी भीती वाटली, मग गंमत वाटली, आणि पुढं पुढं कुणी मान वर करून बघेनासं झालं. तिला मात्र त्याशिवाय चैन पडत नसे. मॉस्कोत शिकून आलेली ती भाषा वापरली नाही तर तोंडातल्या तोंडात आंबून जाईल, असं तिला वाटायचं.

कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनी खटपट करून तिला शिष्यवृत्तीवर तिकडं धाडलं होतं. शिक्षण पुरं झालं, तिथंच एका छापखान्यात नोकरीही ठरत आली होती. तेवढ्यात अब्बांना दमा धरल्याची तार आली. अब्बा फक्रुद्दीन लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. दम गेला तसं वाद्य गेलं, आणि घर मोठ्या भावाच्या, सिकंदरच्या खांद्यावर आलं. मेहमुदा थोड्या दिवसांसाठी म्हणून परत आली ती इथंच राहिली. कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका दुकानाच्या माडीवर तिनं रशियन भाषेचा वर्ग काढला. चारदोन पोरं यायची, अक्षरं शिकून झाली की गळायची. कधी कुणा कारखानदाराकडं रशियन लेथ मशीन आलं, तर त्याची माहितीपत्रकं ती मराठीत करून द्यायची. स्पिंडल, गिअर, तेल कुठं घालायचं. तिची भाषा आता एवढ्यावरच जगत होती.

तिचा पाय एका जागी ठरत नसे. वर्ग सुटला की रंकाळा तळ्यापर्यंत चालत जायची, तिथं दोन मिनिटं टेकायची आणि उठून परत यायची. तिशी उलटली होती. स्थळं यायची बंद झाली होती, त्याचं तिला काही वाटत नव्हतं. वहिनी शहाजादी म्हणायची, "हिला बसायला सांगितलं तर हिच्या अंगावर काटा येतोय."

एका उन्हाळ्यात दादासो तिच्या वर्गाचा जिना चढून आले. दादासोंचं शाहूपुरीत ऑईल इंजिनांचं दुकान होतं, आणि लेथची कामं तिला त्यांच्याकडूनच मिळायची.

"बाई, एक पावणा आलाय मॉरिशसचा," ते म्हणाले. "मराठी बोलतंय, पर आपल्यागत न्हाय. पोथी वाचल्यासारखं बोलतंय. त्याला रशियन येणारं मानूस पायजे. मी म्हटलं, हाय की आमच्यात एक."

पाहुण्याचं नाव सोमा धोंडी. बुटका, काळाभोर, पन्नाशीतला माणूस, एवढ्या उन्हातही अंगात कोट. धोंडी हे त्याच्या पणज्याचं नाव. गडहिंग्लजकडच्या कुठल्याशा गावातून तो आंबोलीचा घाट उतरून गेला, वेंगुर्ल्यात गलबतावर चढला आणि उसाच्या मळ्यात राबायला त्या बेटावर पोचला. तिथल्या गोऱ्या कारकुनानं नाव विचारलं, यानं धोंडी सांगितलं, तेच पिढ्यान्‌पिढ्या आडनाव होऊन बसलं.

सोमा आता बंदरात जहाजांना भाजीपाला आणि किराणा पुरवायचा. तिथल्या व्यापाऱ्यांनी मिळून त्याला एका कामावर धाडलं होतं. ते काम त्यानं चहा गार होईपर्यंत समजावून सांगितलं.

"आमचे बेट लहान आहे, बाई. ऊस आहे आणि समुद्र आहे. उसावर किती दिवस काढणार? इंग्रज गेले, आता गिऱ्हाईक आमचे आम्हालाच शोधायचे आहे. रशियात सहा महिने बर्फ असते म्हणतात. त्या लोकांना ऊन पाहिजे असेल. आमच्याकडे ऊन नुसते पडून आहे."

रशियाची मासेमारीची जहाजं त्याच्या बंदरात पाणी भरायला यायची. त्यावरून त्याच्या डोक्यात आलं होतं, की रशियन प्रवाशांनी बेटावर सुट्टीला यावं, त्यांच्यासाठी समुद्रकाठी हॉटेल व्हावं, आणि निम्मा खर्च रशियनांनी उचलावा. मुंबईत ग्लेबोव नावाचे एक रशियन अधिकारी होते, जहाजांचा व्यवहार बघणारे. ते भेटतच नव्हते. ते जहाजांच्या पंपांचं ओतकाम बघायला कोल्हापूरला निघालेत असं कळल्यावर सोमा त्यांच्या मागोमाग आला. पणज्याचं गावही याच बाजूला. दोन्ही कामं होतील म्हणाला.

"आणि ते हो म्हणाले तर मला मॉस्कोला जायचे आहे," तो म्हणाला. "तुम्ही माझ्यासोबत याल का?"

मेहमुदा उठली, खिडकीपाशी गेली, परत येऊन बसली, आणि पुन्हा उठली.

भेट ठरली रंकाळ्याजवळच्या एका बंगल्यात. दादासोंच्या ओळखीनं ग्लेबोव तिथं उतरले होते, सोबत त्यांचा तरुण मदतनीस आर्काडी. ग्लेबोव धिप्पाड, हसऱ्या तोंडाचे. मेहमुदाचं रशियन ऐकून त्यांनी दोन्ही हात पसरले. मॉस्कोच्या कुठल्या भागात राहायची, विचारलं. तिनं सांगितलं, तर त्यांची मावशी त्याच रस्त्यावर निघाली. मेहमुदाला वाटलं, आपण किती वर्षं श्वास रोखून बसलो होतो.

सोमानं आपलं सगळं म्हणणं मांडलं. ऊन, समुद्र, हॉटेल. ग्लेबोव मान डोलवत राहिले. मधेच म्हणाले, आमच्या जहाजांना तुमच्या बंदरात दुरुस्तीला एक कायमचा धक्का मिळाला तर बरं होईल, तुमचे व्यापारी त्यासाठी सरकारपाशी शब्द टाकतील का? सोमा म्हणाला, बघू, हॉटेलचे ठरले तर तेही ठरेल.

मेहमुदा चहाचं सांगायला मागं स्वयंपाकघरात गेली. परत येताना दाराच्या पडद्यापाशी तिला ग्लेबोवचा आवाज ऐकू आला. ते सोमासमोरच, पण रशियनमध्ये, बारीक आवाजात भरभर बोलत होते.

"हॉटेलचं मधाचं बोट चाटवत राहायचं. मॉस्कोत धक्क्याची सही झाली की विषय संपला. त्याच्या हॉटेलात जाणार कोण? आपल्या माणसाला आपल्याच समुद्रावर सुट्टीला जायची सरकारी चिठ्ठी मिळवताना नाकी नऊ येतात, हा निघाला त्याला हिंदी महासागर दाखवायला."

आर्काडी हसला.

मेहमुदा पडदा सारून आत आली आणि खुर्चीवर बसली. ग्लेबोव पुन्हा मोठ्यानं बोलू लागले. हॉटेलची कल्पना सुरेख आहे, पुढच्या महिन्यात तुम्ही मॉस्कोला या, दुभाषी म्हणून याच बाईंना आणा. तिनं शब्दाला शब्द लावून मराठी केलं. सोमानं तिच्याकडं बघून हात जोडले. तिनंही जोडले.

ती रात्र आणि दुसरा दिवस तिनं कसा काढला ते तिलाच ठाऊक. सोमा सकाळीच पणज्याचं गाव शोधायला गेला होता. वर्गात एक पोरगा क्रियापद विचारत होता, तिला त्याचा शब्द ऐकू येईना. तिनं वर्ग सोडला. रंकाळ्यावर गेली, तिथनं बाजारात, बाजारातनं घरी, घरातनं पुन्हा बाहेर. मॉस्को डोळ्यांपुढून हलेना. ट्रामचे रूळ, छापखान्याच्या शाईचा वास, थंडीत नाकाच्या शेंड्याला येणारी झिणझिणी. आपण दुभाषी. समोर बोललेलं इकडचं तिकडं करायचं, एवढंच आपलं काम. पडद्यामागचं आपल्याला कुणी सांगितलं होतं? तिनं हे स्वतःला मराठीत समजावलं, रशियनमध्ये समजावलं. दोन्ही भाषांत ते सारखंच लंगडं पडलं.

"काय झालंय तुला?" अब्बांनी विचारलं. ते उशीला टेकून बसले होते.

"काय न्हाई."

"मग किती येरझाऱ्या घालशील? तुला बघून मला दम लागाय लागलाय."

तिसऱ्या दिवशी सकाळी दादासोंना गावाचं नाव विचारून ती गडहिंग्लजच्या एसटीत बसली. तिथनं गाडी बदलून त्या गावात उतरली. सोमाला शोधायला लागलं नाही. मॉरिशसचा पावणा कुठं उतरलाय ते पोरासोरांनाही माहीत होतं. एका घराच्या कट्ट्यावर तो डोक्याला पटका गुंडाळून बसला होता आणि तानूबाई नावाची म्हातारी त्याला आग्रह करकरून भाकरी वाढत होती.

"ही म्हणते मी हिच्या चुलत आजोबांचा पणतू," मेहमुदाला बघून सोमा म्हणाला. "बहुतेक नसेन. धोंडी नावाची माणसे या गावात घरटी एक होती म्हणे. पण तिला हौस आहे, आणि मलाही."

तानूबाई आत पाणी आणायला गेली. मेहमुदा कट्ट्यावर बसली आणि पडद्यामागचं ऐकलेलं तिनं एका दमात सांगून टाकलं. त्यांना धक्का पाहिजे. हॉटेल होणार नाही. कधीच होणार नव्हतं.

सोमानं हातातला घास ताटात ठेवला.

"हे तुम्ही त्या दिवशी का नाही सांगितले?"

"मॉस्कोला जायचं होतं म्हणून."

"मग आज का सांगता? अजून महिनाभर गप्प बसला असता तर आपण मॉस्कोला निघालोच होतो."

"गप्प बसून बघितलं," ती म्हणाली. "जमलं न्हाई."

त्यानं डोक्याचा पटका सोडून पुन्हा गुंडाळला. ती वाट बघत होती, की आता हा रागावेल. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"आमच्या बेटावर जो येतो त्याला बंदरच पाहिजे असते," तो म्हणाला. "फ्रेंच आले, इंग्रज आले, सगळ्यांना तेच. मला थोडा वास आला होता. पण माणसाला वाटते, या वेळी तरी आपले ऊन कुणाला आवडेल." मग त्यानं घास उचलला आणि खाल्ला. "जेवून घ्या. संध्याकाळच्या गाडीने परत जाऊ. त्यांना पुन्हा भेटायचे आहे."

दुसऱ्या भेटीत सोमानं हॉटेलचं नाव काढलं नाही. तो म्हणाला, धक्क्यासाठी आमचे व्यापारी शब्द टाकतील. पण तुमची जहाजं दुरुस्तीला लागतील तेव्हा खलाशी जहाजावर झोपणार नाहीत. त्यांची रजा आमच्या बेटावर, आमच्या माणसांच्या खोल्यांत, आमच्या खानावळीत. आणि हे धक्क्याच्याच कागदावर, त्याच सहीखाली.

मेहमुदानं ते रशियनमध्ये केलं. ग्लेबोव हसायचे थांबले. त्यांनी सोमाकडं बघितलंच नाही, तिच्याकडं बघितलं.

"तुमचे कान फार चांगले आहेत," ते रशियनमध्ये म्हणाले.

तिनं सोमाकडं वळून तेही मराठीत सांगितलं.

"सांगा त्यांना," सोमा म्हणाला, "म्हणून तर मी यांना नेतो आहे."

ग्लेबोवनी टेबलावरची आपली टोपी उचलली. "मॉस्कोत आमचे दुभाषे पुष्कळ आहेत. बाईंना एवढ्या लांब त्रास कशाला? हे मात्र मी आताच स्पष्ट सांगतो. येताना एकट्यानंच यायचं."

हेही वाक्य मेहमुदालाच मराठीत करायचं होतं. तिनं केलं. एक शब्द गाळला नाही. बंगल्याबाहेर पडल्यावर सोमा काहीतरी बोलायला गेला, तर ती म्हणाली, "तुम्ही जावा. काम महत्त्वाचं," आणि रंकाळ्याच्या कडेनं इतक्या झपाझप चालत सुटली, की त्याला तिला गाठता आलं नाही.

सोमा मॉस्कोला गेला. पावसाळाभर त्याची खबर आली नाही. मेहमुदा वर्ग घ्यायची, लेथची कामं करायची. नळावर ती आता गप्प असायची, आणि बायकांना तेच चुकल्यासारखं वाटायला लागलं.

दसऱ्याच्या सुमाराला तो जिना चढून वर आला. तोच कोट अंगात, पण माणूस वाळला होता.

"हॉटेल नाही झाले," तो बसता बसता म्हणाला. "खलाशांचे झाले. दर जहाजामागे काही दिवस रजा, बेटावर. खूप ओढाताण केली त्यांनी. त्यांचा दुभाषा मला सगळे गोडच करून सांगत होता. त्यांच्यात आपसांत काय चालले होते ते मला एक अक्षर कळले नाही. तुमची फार आठवण झाली."

मग त्यानं विचारलं, ती बेटावर येईल का. खोल्यावाल्यांना, दुकानदारांना रशियन शिकवायचं. आणि जहाजाचे अधिकारी बोलणी करायला आले की शेजारी बसायचं.

मेहमुदाला आनंद झाला नाही. तिला मॉस्को पाहिजे होतं, आणि हा उसाच्या बेटावर बोलावत होता.

"केवढं आहे तुमचं बेट?"

"सकाळी एका टोकाला बसमध्ये बसलात तर जेवायला दुसऱ्या टोकाला."

"मी महिन्याभरात वैतागीन तिथं."

"वैतागाल," सोमा म्हणाला. "मीही वैतागतो. म्हणून तर हिंडतो आहे."

सोमाला तिनं हो म्हटलं, घरी सांगायला मात्र दोन दिवस लावले. सांगितलं तेव्हा शहाजादी रडली. अब्बा छताकडं बघत पडून राहिले.

"तुमच्याजवळ कोण बसंल?" तिनं विचारलं.

"आता तरी कोण बसतंय?" ते म्हणाले. "तू हितं असून हितं नसतीस. मी बी तसाच हुतो. लग्नाचा मोसम संपला की मला घर खायला उठायचं. तुझी आई म्हनायची, जा की, कुटं बी जाऊन वाजवून या." त्यांना दम लागला. तिनं पाठीवरून हात फिरवला. दम सावरल्यावर ते म्हणाले, "जा. शहाजादी हाय की."

बेटाचं जहाज मुंबईहून होतं. मुंबईच्या गाडीवर पोचवायला अब्बा हट्टानं आले. सिकंदरनं त्यांना फलाटावरच्या बाकावर बसवलं. मेहमुदा डब्यात सामान ठेवून पुन्हा खाली उतरली, त्यांच्यापाशी उभी राहिली, मग बसली.

"मेहमुदा," ते म्हणाले, "ती भाषा मी कधी नीट ऐकलीच न्हाई. नळावर बोलायचीस तवा पान्याचा आवाज असायचा. बोल की जरा."

तिला एकदम काही सुचेना. मग ती रशियनमध्ये काहीतरी बोलली. अब्बांनी डोळे मिटून, सूर पारखावा तसं ऐकलं.

"याचा अर्थ काय?"

"गाडी वेळेवर सुटंल का, असं इचारलं."

"हात्तिच्या," ते म्हणाले. "मला वाटलं, कायतरी मोठं बोललीस."

गार्डनं शिट्टी दिली. ती उठली, पण या वेळी तिचे पाय लगेच उचलेनात.