हसरे चेहरे

रुग्णवाहिका बोलावण्याचं ॲप उद्या सुरू होणार होतं आणि ते बनवणाऱ्या कंपनीतली ताई डोळे पुसत भिंतीकडे बघत होती. तिथे तिनेच चिकटवलेला लांबलचक नकाशा होता: ॲप उघडण्यापासून दवाखान्यात पोहोचेपर्यंत ग्राहकाची एकेक पायरी. प्रत्येक पायरीवर हसरा चेहरा, म्हणजे ग्राहक खूश.

"सगळे हसताहेत, तू का रडतेस?" साहेबांनी विचारलं.

"सर, चाचणीत आपण फक्त दवाखान्यात पोहोचलेल्यांना विचारलं. जे अर्ध्यावरच अडकले, त्यांचं काय? उद्याचं थांबवा ना!"

साहेबांनी घड्याळ पाहिलं. ताईने घाईघाईने आईला फोन लावून स्पीकर चालू केला.

"आई, समज बाबांना श्वास घेता येत नाहीये. तुझ्या फोनवर मी चाचणीचं ॲप टाकलंय ना, त्यावरून गाडी बोलाव."

"काहीतरी अभद्र बोलू नकोस!"

"आई, पाया पडते तुझ्या."

आईची खुडबुड ऐकू येऊ लागली. "पत्ता टाकला... आता म्हणतंय, चित्रातल्या सायकली ओळखा. मी माणूस आहे का, ते बघतंय मेलं! चष्मा कुठे गेला माझा?"

साहेब खुदकन हसले.

"चुकलं वाटतं. परत पहिल्यापासून आलं." आईची खुडबुड थांबली. "अगं, एवढ्यात गेले असते की गं तुझे बाबा."

ताईने फोन बंद करून साहेबांकडे पाहिलं.

"पुढच्या वेळी सुधारू," साहेब पुटपुटले. "उद्याचं आता थांबत नाही."

ताईने नकाशाचं टोक धरलं आणि तो भिंतीवरून टराटरा फाडून काढला.