मूळपुरुष डंकन

आजी, म्हणजे नॅनी, गेल्याचं दवाखान्यातून कळलं, त्याच संध्याकाळी दूरच्या नात्यातल्या वेंडेल मॅकरेचा फोन आला. जेस टीहीला वाटलं, सांत्वनासाठी असेल.

"तिनं काही कागद ठेवलेत का?" वेंडेल म्हणाला. "मॅकरे घराण्याची वंशावळ छापायला द्यायची आहे."

कागद नव्हते. नॅनीला आई, आजी, पणजी करत सात जणींची नावं पाठ होती. अमेरिकेतल्या चेरोकी आदिवासींचं कूळ आईकडून चालतं, तिचं कूळ लांडग्याचं. आजारपणात तिनं जेसलाही ती घोकायला लावली होती. "वेंडेलच्या तक्त्यात यातली एकही नाही. घालून घे," असं बजावलं होतं. जेसला पाचच धड लक्षात राहिली.

जूनमध्ये टालेक्वा गावात चर्चच्या हॉलमध्ये मॅकरे मंडळी जमली. भिंतीवर तक्ता टांगला होता. सर्वांत वर स्कॉटलंडचा व्यापारी डंकन मॅकरे, शेजारी किल्ल्याचं चित्र. खाली बारीक अक्षरात, 'पत्नी, एक चेरोकी स्त्री'. डॅलसचा दातांचा डॉक्टर वेंडेल छाती काढून सांगत होता, "हे आपले मूळपुरुष."

"कसला मूळपुरुष?" जेस म्हणाला. "घरजावई होता तो! घर तिचं, शेत तिचं, पोरं तिच्या कुळाची. तिनं त्याचं बोचकं दाराबाहेर ठेवलं असतं, तर हा किल्लेदार झाडाखाली झोपला असता."

मक्याची भाकरी वाढणाऱ्या बायका फिस्सकन हसल्या.

"पुरावा लागतो, जेस."

"किल्ल्याचा आहे?"

"ती घरात चालत आलेली गोष्ट आहे."

"मग आमची काय बाजारातून आणलीय?"

नॅनीची चौऱ्याऐंशी वर्षांची मावसबहीण लूसी घास चावत म्हणाली, "डंकनच्या बायकोचं नाव अनिवेकी. लिहा डॉक्टर. की दात मोजण्यापुरतंच शिकलात?"

"आणि तिची लेक?" वेंडेलनं लगेच विचारलं.

लूसीनं हातातला घास ताटात ठेवला. जेसनं आपली पाच नावं मनात मोजली. त्यांत त्या लेकीचं नव्हतं.

"नाही आठवत, डॉक्टर," लूसी हळूच म्हणाली. "नॅनीलाच येत होतं."

वेंडेलनं पेनाला टोपण लावलं. "साखळी तुटली. छापता येणार नाही."

"तुमच्या साखळीत तीन ठिकाणी 'बहुधा' लिहिलंय!"

"ते बहुधा असले तरी मॅकरे आहेत," वेंडेल म्हणाला आणि जेवायला बसला.

तक्ता तसाच छापला गेला. जेसनं अनिवेकी धरून सहा नावं लिहून ठेवली आहेत. अनिवेकीच्या लेकीचं नाव शोधायचं राहिलं आहे.