वाचणारीच्या वाटणीचं काम

पुस्तक लिहिताना शैजाला लाज वाटली नव्हती. कोळिक्कोडच्या प्रकाशकाच्या टेबलावर ते बाड ठेवतानाही वाटली नाही. लाज वाटली ती गावच्या बस स्टॉपवर, दामोदरन माशांनी तिच्या हातात कार्यक्रमाचं पत्रक ठेवलं तेव्हा. भर दुपारी घाम फुटला तिला.

माश म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले मास्तर आणि गावच्या वाचनालयाचे चिटणीस. गावातल्या माणसाचं पुस्तक आलं की ते वाचनालयाच्या अंगणातच प्रकाशित व्हायचं, हा त्यांचा दंडक. एका पाहुण्याने पुस्तक द्यायचं, दुसऱ्याने पहिली प्रत स्वीकारायची आणि वर दोन शब्द बोलायचे. पत्रकावर ठळक छापलं होतं, 'पहिली प्रत स्वीकारणार : श्रीमती पंकजाक्षी, लेखिकेच्या मातोश्री'.

"माश, अम्माचं नाव कुणाला विचारून घातलंत?"

"विचारायचं काय त्यात? जन्मभर विड्या वळून तुला शिकवलं त्या माउलीनं. तिनं नाही घ्यायची तर काय पंचायतीच्या अध्यक्षांनी घ्यायची?"

"तुम्ही पुस्तक वाचलंत का?"

"चाळलंय," माश म्हणाले. "मुखपृष्ठ झकास झालंय हं."

माशांनी पुस्तक चाळलं म्हणजे मुखपृष्ठ पाहिलं आणि मागची किंमत पाहिली, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. त्यांनी आत डोकावलं असतं तर पत्रक छापायच्या आधी दहादा विचार केला असता. शैजाने त्यात स्वतःचं काही म्हणता काही झाकलं नव्हतं. तिला बायका आवडतात, हे तिने पहिल्याच पानावर लिहिलं होतं. बहरीनला असलेला नवरा सुट्टीवर यायचा तेव्हा ती रात्री डोळे मिटून छताच्या पंख्याचे फेरे कसे मोजायची, ते लिहिलं होतं. घटस्फोटानंतर चाळिशी उलटल्यावर आरशासमोर उभं राहून 'मी अशी आहे' असं मोठ्यानं म्हटलं, आणि त्या दिवसापासून पाठीत वाकून चालायची सवय गेली, तेही लिहिलं होतं. अनोळखी माणसांनी हे वाचावं याची तिला धास्ती नव्हती. ती नोकरी करायची त्या सहकारी बँकेतले लोक कुजबुजतील, कुजबुजू देत. फक्त अम्माला कळता कामा नये. आणि अम्माला सहीपुरती अक्षरं येत होती, पुस्तक वाचता येत नव्हतं. या एका भरवशावर अख्खं पुस्तक उभं होतं.

घरी पोचली तर ओसरीवर अम्मा आणि नारायणी एळेम्मा फणसाच्या आठळ्यांचा ढीग घेऊन बसलेल्या. नारायणी काही रक्ताची मावशी नव्हे. विडीच्या शेडमध्ये दोघी शेजारी बसायच्या, तिथून जडलेलं नातं. पत्रक शैजाच्या आधी घरी पोचलं होतं. पुस्तकांचा गठ्ठाही प्रकाशकाने सकाळीच पाठवला होता, आणि त्यातली एक प्रत अम्माच्या मांडीवर होती.

"बस," अम्मा म्हणाली. "वाच."

"आत्ता? अम्मा, मी दमलेय. आधी आठळ्या सोलायला घेते थोड्या."

"हात लावू नकोस. वाचणारीच्या वाटणीचं काम आम्ही करतो."

ही गोष्ट तिच्या डोक्यातच आली नव्हती, आणि या घरात जन्माला येऊन ती डोक्यात येऊ नये यासारखा गाढवपणा नाही. शेडमध्ये एक जण पेपर आणि पुस्तकं मोठ्यानं वाचायचा, बाकीचे हात चालवत ऐकायचे, आणि त्याची मजुरी बुडू नये म्हणून जो तो आपल्या सुपातल्या चार विड्या त्याच्या सुपात टाकायचा. शाळेत न गेलेल्या या बायकांनी कादंबऱ्यांच्या कादंबऱ्या कानांनी पचवल्या होत्या. अम्मा वाचू शकत नाही एवढंच शैजाने धरलं. अम्मा ऐकते, हे ती विसरली.

"मला तिथं माइकवर दोन शब्द बोलायचेत," अम्मा म्हणाली. "न ऐकता बोलू? माशांसारखी?"

शैजा वाचायला बसली. पहिलं पान तिने इतक्या हळू आवाजात वाचलं, की नारायणीने कानामागे हात धरला. "मोठ्यानं गं! छापताना ओरडलीस आणि आता मांजरासारखी म्याऊ करतेस?"

मग तिने मोठ्यानं वाचलं. तिचे रिकामे हात पुस्तकाला चिकटले होते. खाली बघून सोलायला एक आठळी असती तरी बरं झालं असतं. 'मला बायका आवडतात' हे वाक्य तिच्या तोंडून अम्माच्या ओसरीवर पडलं आणि ती मेल्याहून मेल्यासारखी झाली. समोर सुऱ्या चालू होत्या. ती पुढे वाचत गेली. पंख्याचं वाचलं. आपलं शरीर आपल्याच हाताने आपल्याला कसं कळलं तेही वाचलं, आणि कानशिलं पेटली.

"आपल्याच हाताने म्हणजे?" अम्माने विचारलं.

"पंकजाक्षी, पुढे जाऊ दे तिला," नारायणी म्हणाली. "तुझा नवरा बोटीवर असायचा तेव्हा तू काय फक्त विड्याच वळत होतीस?"

"मेले, तोंडाला काही हाड आहे का तुझ्या!" अम्मा म्हणाली, पण हसली. शैजाला ओसरी दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं होतं, तरी त्या हसण्याने तिला थोडा धीर आला. निदान अम्मा उठून गेली नाही.

मग जयंतीचं प्रकरण आलं.

नाव खरं नव्हतं, बदललं होतं. शिवणाच्या क्लासमधली मुलगी. शैजाच्या गळ्याचं माप घेताना तिची बोटं टेपवर जरा जास्त वेळ थांबायची. देवळाच्या उत्सवात ती इथं राहायला आली होती, आणि दुपारी अम्माने मागच्या खोलीचं दार उघडलं. त्यापुढचं पान शैजाला तोंडपाठ होतं. तिने थुंकी लावून दोन पानं एकदम उलटली आणि पुढच्या प्रकरणापासून वाचायला लागली.

सुऱ्यांचा आवाज बंद झाला.

तिने वर पाहिलं. दोघींनी हात मांडीवर ठेवले होते.

"शेडमध्ये वाचणारा कुंजंबू असंच करायचा," नारायणी म्हणाली. "बायकांसमोर वाचवत नाही असं काही आलं की पान गाळायचा. आम्ही त्याच्या सुपात विड्या टाकणं बंद करायचो. मुकाट मागच्या पानावर यायचा."

"गाळलंस ते वाच," अम्मा म्हणाली.

"अम्मा, नको. त्यात तुझ्याबद्दल आहे."

"मग मलाच ऐकायला हवं."

शैजाने पान मागे घेतलं. शेवटी वाचलं.

'अम्माने दार उघडलं, आम्हाला त्या अवस्थेत पाहिलं, आणि दार लावून भात टाकायला निघून गेली. बिचारीला काही कळलंच नाही. तिच्या अडाणी जगात या गोष्टीला नावच नव्हतं. म्हणून तिच्यावर रागावण्यात अर्थ नाही. ती हे कधी वाचू शकणार नाही, याचं मला बरं वाटतं. म्हणूनच तर मी लिहू शकतेय. राग आहे तो जयंतीचा. त्याच संध्याकाळी ती पळपुटी मला तोंड न दाखवता निघून गेली. मी काय होते हे तिने मला शिकवलं, आणि मी काहीच नव्हते हेही.'

यातलं शेवटचं वाक्य लिहिलं तेव्हा शैजाला फार अभिमान वाटला होता. प्रकाशकाने तेच मागच्या कव्हरवर टाकलं होतं. आता सगळं पान आपल्याच तोंडून ऐकून तिला स्वतःचीच किळस आली. आईला अडाणी म्हणायचं, वर बिचारी म्हणायचं, आणि ती वाचू शकत नाही याचा आनंद मानायचा. शरीराबद्दल लिहिलं त्याची लाज एवढ्यात कुठच्या कुठे गेली. ही लाज वेगळी होती, आणि ती जाईल असं वाटत नव्हतं.

"अम्मा..."

अम्माने सूप बाजूला सारलं, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि आत गेली. नारायणी निघताना एवढंच म्हणाली, "रविवारी कार्यक्रमाला हिला कुठली साडी नेसायचीय ते विचारून ठेव."

पण विचारायची सोयच राहिली नाही. अम्मा मोजकं बोलत होती. तांदळाचं पुट्टु वाढायची, तारल्या तळायची, शैजाचा डबा भरायची. माफी मागायला शैजा दोनदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली आणि मीठ मागून परत आली. इतकं मनमोकळं पुस्तक लिहिणारी बाई आईपुढे चार शब्द बोलू शकली नाही.

रविवारी अंगण भरलं होतं. बँकेतले लोक मागच्या खुर्च्यांवर होते, माश माइक ठोकून बघत होते. अम्मा जरीकाठाची कसवू साडी नेसून पुढे बसली. शैजाची नजर खाली. अम्मा आली हेच खूप, आता प्रत घेऊन, नमस्कार करून खाली बसली की सुटले, असा तिचा जीव घाईला आला होता.

पाहुण्या बाईंनी पुस्तकाची रिबीन सोडली आणि प्रत अम्मापुढे धरली. अम्माने ती घेतली. माशांनी माइक तिच्या उंचीला वाकवला.

"मला वाचता येत नाही," अम्मा म्हणाली. "ऐकता येतं. हे पुस्तक मी ओसरीवर बसून ऐकलं. माझ्या मुलीनं स्वतःबद्दल लिहिलंय ते खरं आहे. धीराचं आहे. पण माझ्याबद्दल लिहिलंय ते चूक आहे."

माश टाळी वाजवायच्या बेतात होते, त्यांचे हात तसेच राहिले.

"आईला कळलं नाही, असं छापलंय. मला कळलं होतं. आमच्या शेडमध्ये तसलं, दोन बायकांच्या प्रेमाचं पुस्तक वाचलं गेलं होतं, मी रडले होते त्या बायकांसाठी. पुस्तकातल्या बायकांसाठी रडले, आणि माझ्याच घरात तेच दिसलं तर भात टाकून विचार करत बसले. मग त्या मुलीला अंगणात बोलावलं. नाव घेत नाही, तिचा संसार असेल. तिला सांगितलं, शैजाला तुझी लाज वाटतेय, तुझं तोंड बघायचं नाही म्हणतेय, आत्ताच्या आत्ता जा. ती रडत गेली. पुस्तकात तिला पळपुटी म्हटलंय. ती पळाली नाही. मी हाकललं. मी अडाणी असते तर बरं झालं असतं. दोन शब्द झाले माझे."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मागून नारायणीचं नाक शिंकरणं तेवढं ऐकू आलं. शैजाला आईकडे बघता येईना आणि लोकांकडेही. आयुष्यभर ज्या जयंतीवर खापर फोडलं, ज्या दुखण्यातून आपण मोठं झालो असं छापून मिरवलं, तिचा काही दोषच नव्हता. आणि ते खापर आता पाचशे प्रतींत होतं, मागच्या कव्हरवर ठळक.

परतताना दोघी रिक्षात बसल्या. अम्माने पुस्तक दोन्ही हातांनी मांडीवर धरलं होतं.

"मला आधी का नाही सांगितलंस?" शैजाने विचारलं. आवाज रागाचा निघायला हवा होता, तो रडका निघाला.

"लाज वाटायची," अम्मा म्हणाली. "तू अडाणी समजत होतीस ना मला, त्याच्या आड बरं होतं."

शैजाने आईचा हात धरला नाही. तिला राग आला होता, खूप आला होता, आणि रागवायला तोंड राहिलं नव्हतं.

"ती कुठे असते, ठाऊक आहे?" अम्माने विचारलं.

"तलश्शेरीला. शिवणाचं दुकान आहे. मी एकदा रस्त्यापलीकडून पाहिलंय. आत गेले नाही."

"मग ही प्रत माझी नव्हेच. तिची आहे. मला घेऊन चल तिच्याकडे. मी काय केलं ते मी सांगते. तू वाच."

"काय वाचू?"

"ते गाळलेलं पान. पळपुटी म्हटलंयस ते. तिच्या तोंडावर वाचायचं, आणि गाळायचं नाही."

रिक्षा घराच्या वळणावर आली. उतरावं की तलश्शेरीच्या बससाठी सरळ स्टँडवर न्यायला सांगावं, हे शैजाला ठरवायचं होतं. रिक्षावाल्याने मागे वळून विचारलं, "इथंच ना, चेची?"

"नाही," शैजा म्हणाली. "बस स्टँडवर घ्या."