मीरासाब मिस्त्री आयटीआय बघायला जातो

शाहूपुरीत गुळाच्या अडत दुकानांच्या मागच्या बोळात मीरासाब मिस्त्रीचं पत्र्याचं गॅरेज होतं. त्याला पाटी नव्हती, आणि लागतही नव्हती. गाडी बोळाच्या तोंडाशी वळली की मीरासाब हातातलं काम न सोडता आतूनच ओरडायचा, "बेरिंग गेलंय पावणं, फुडं आणू नगासा, तितंच लावा!" चाक खोललं की खरोखर बेरिंगच गेलेलं निघायचं. कागलपासून गडहिंग्लजपर्यंतचे ड्रायव्हर म्हणायचे, मीरासाबच्या कानात देवानं वर्कशॉप घातलंय.

त्याचा पोरगा दिलदार सत्त्याहत्तर साली मॅट्रिक झाला. बावन्न टक्के मिळाले. घराण्यात मॅट्रिक झालेला तो पहिलाच. मंगळवार पेठेतल्या दोन खोल्यांच्या घरात त्याच्या आईनं, रोशनबीनं, शिरा केला. शेजारच्या धोंडुबाईनं पोराची दृष्ट काढली. आणि तिसऱ्या दिवशी दिलदारनं आयटीआयचा फॉर्म आणून बापाच्या ताटाशेजारी ठेवला. मोटर मेकॅनिकचा कोर्स, दोन वर्षांचा. शनिवारपर्यंत फॉर्म द्यायचा होता आणि खाली पालकाची सही हवी होती.

मीरासाबनं फॉर्मकडं बघितलंसुद्धा नाही. भाकरी रश्श्यात बुडवत तो म्हणाला, "मी कुठल्या शाळंत गेलतो?"

त्यानं घास तोंडात टाकला.

"अकरा वर्साचा हुतो तवा मिरजंला उस्तादाकडं ऱ्हायलो. चुकलं की उस्ताद पाना फेकून मारायचा. ह्यो बघ." त्यानं टोपी मागं सारून कपाळावरचा वण दाखवला. तो घरातल्यांनी शंभर वेळा पाहिलेला होता. "ह्या वणानं शिकवलं ते कुठलं बुक शिकवणार?"

"मग पोराच्या कपाळाला बी वण पायजे व्हय?" रोशनबी चुलीपासून म्हणाली.

"तसं न्हवं. पर बाकावर बसून फळ्यावरचं इंजिन बघण्यापरास गॅरेजात दोन वर्सं काढली तर मिस्त्री हुतोय की."

"आब्बा, सकाळी शाळा आन् सांजचं गॅरेज, दोन्ही करतो की," दिलदार म्हणाला.

"दोन घरचा पावणा उपाशी ऱ्हातोय."

रोशनबीनं थापत आणलेली भाकरी तशीच ठेवली. "आवो, सोयरीक मोडायची आसली तरी माणूस आदी पोरगी बघून येतंय. तुमी ही शाळा न बघताच मोडाय लागलाय. एकडाव जाऊन तरी या. मग न्हाय म्हणा, मी तोंड उघडणार न्हाय."

रोशनबी तोंड उघडणार नाही, हा सौदा वीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच समोर आला होता. मीरासाबनं तो लगेच पत्करला. जायचं, शाळेत धा दोष काढायचे आणि यायचं, एवढंच त्याच्या मनात होतं.

खरं कारण मात्र फळा नव्हता, बाकही नव्हता. ते त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी नेसरीचे आण्णा त्यांची जीप घेऊन आले. आण्णा म्हणजे उसाचे मोठे बागायतदार आणि तोंडाचे फटकळ. सोमवारीच मीरासाबनं त्यांच्या इंजिनचे टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे खटके, फट जुळवून बसवून दिले होते.

"काय मिस्त्री," आण्णा खाली उतरायच्या आधीच ओरडले, "टकटक काढाय दिलती, का वाढवाय? नेसरीपातूर भजनाला बसल्यागत वाटलं की!"

मीरासाबनं बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवून कान लावला. त्याला काहीच ऐकू आलं नाही. मोठी घरघर येत होती, पण तिच्याखालची ती बारीक टकटक, जी पूर्वी त्याला बोळाच्या तोंडापासून कळायची, ती गेली होती. वर्ष झालं असेल. आधी डाव्या कानातून गेली, मग उजव्याही कानातून. त्यानं लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि मान हलवली.

"हाय, हाय. जरा हाय."

"जरा?" आण्णा म्हणाले. "तितं माझी बायको आसती तर झोपंतनं उठली आसती!"

मीरासाबनं अंदाजानं एक स्क्रू फिरवला आणि 'चहा सांगून येतो' म्हणून बाहेर पडला. मुद्दाम सावकाश गेला. परत आला तेव्हा दिलदार फडक्यानं हात पुसत होता आणि जीप मांजरासारखी गुरगुरत होती. अडत दुकानात जाऊन आलेले आण्णा खूश होऊन म्हणाले, "मिस्त्री, तुमी हात लावला की बास बघा."

दिलदार बापाकडं न बघता पाने जागेवर लावू लागला. मीरासाबनं हातातला चहा तसाच खाली ठेवला. पोरगा रोज सकाळी शाळेत गेला तर दिवसभर इथं कोण ऐकणार? चार दिवसांत सगळ्या शाहूपुरीला कळेल, की मीरासाबचा कान गेला.

शुक्रवारी बापलेक सायकलवरून आयटीआयला गेले. दिलदार पायडल मारत होता, मीरासाब मागं कॅरिअरवर बसला होता. त्यानं धुतलेला पायजमा घातला होता आणि आपण कोण हे सांगायचं नाही असं ठरवलं होतं.

मोटर मेकॅनिकच्या शेडमध्ये खाकी कोट घातलेले गणपतराव सर होते. चाळिशीचे, शांत. त्यांनी विचारलं, "तुमी काय करता?"

"चहाचं दुकान हाय आमचं," मीरासाबनं ठोकून दिलं.

दिलदारनं खाली मान घातली. सरांनी मीरासाबच्या नखांतलं काळं ऑईल बघितलं.

"या, दाखवतो," ते म्हणाले.

मीरासाब दोष शोधू लागला. पाने भिंतीवर ओळीनं टांगलेले होते. प्रत्येकाच्या मागं त्याचाच आकार रंगवलेला, म्हणजे एक जरी हरवला तरी भिंत चुगली करणार. ह्यात खोड काढता येईना. जमिनीवर ऑईल सांडलेलं नव्हतं. पोरं एकमेकांच्या अंगावर ओरडत नव्हती. 'हे गॅरेज हाय का दवाखाना,' असं तो मनात म्हणाला, पण ती खोड म्हणून मोजता येईल का, याची त्याला खात्री वाटेना.

मग सरांनी त्याला एका टेबलापाशी नेलं. त्यावर एक इंजिन होतं, उभं कापलेलं, पपई चिरावी तसं. आतले भाग तांबडे, निळे, पिवळे रंगवले होते. सरांनी हँडल हळूहळू फिरवलं. पिस्टन खाली गेला, तसा वरचा एक व्हॉल्व्ह उघडला. पिस्टन वर आला, तो व्हॉल्व्ह मिटला. परत खाली, परत वर, आणि दुसरा व्हॉल्व्ह उघडला.

मीरासाब वाकला. तीस वर्षं त्यानं इंजिनं खोलली होती. प्रत्येक भाग त्याला अंधारात हाताला कळायचा. पण चालत्या इंजिनाच्या पोटात काय चाललंय, हे त्यानं कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. तीस वर्षं बंद दाराबाहेर बसून त्यानं आतल्या माणसांचं बोलणं ऐकलं होतं, आणि आज कुणीतरी दार उघडून आत ये म्हणालं होतं.

"आणिक एकडाव फिरवा," तो म्हणाला.

सरांनी फिरवलं.

"मी फिरवू?"

"फिरवा की."

त्यानं इतक्या वेळा फिरवलं, की दिलदारला लाज वाटायला लागली.

पलीकडं दुसऱ्या वर्षाचा एक पोरगा एका सबंध इंजिनचे टॅपेट बसवत होता. नाव आकाराम, पन्हाळ्याकडच्या वाडीतला. त्याच्या शेजारी कुणी ऐरणीवर घण घालत होतं, पलीकडं ग्राइंडर किंचाळत होता. ह्या गदारोळात आकाराम पोलादी पात्यांच्या जुडग्यातलं एक पातं टॅपेटच्या फटीत सरकवत होता. त्या जुडग्याला फिलर गेज म्हणतात. तसलं एक मीरासाबकडंही होतं. पण त्याचा उपयोग तो फक्त प्लगवरची काजळी खरवडायला करायचा.

"एवढ्या दंग्यात तुला टकटक ऐकू येती?" मीरासाबनं विचारलं.

"इंजिन बंदच हाय की चाचा, ऐकायचं काय?" आकाराम म्हणाला. "हे पातं फटीत घालायचं. जाता येता जरा धरल्यागत लागलं की बरोबर. सैल गेलं तर टॅपेट वाजणार, गेलंच न्हाय तर व्हॉल्व्ह जळणार. आवाज कशाला पायजे?"

मीरासाब त्या पात्याकडं बघतच राहिला. "आण हिकडं," तो म्हणाला. बाही वर सारून त्यानं पातं फटीत घातलं. बोटांना ते बरोबर कळलं. बोटं अजून पंचवीस वर्षांची होती. एकापाठोपाठ एक असे त्यानं सगळे टॅपेट बसवले. सरांनी इंजिन चालू करायला लावलं. शेडमधली ऐरण थांबली, ग्राइंडर थांबला, पोरं भोवती गोळा झाली.

मीरासाबनं कान पुढं केला. काही कळेना. स्क्रूड्रायव्हर मागावा, मान हलवावी, 'हाय हाय' म्हणावं, असं त्याच्या मनात आलं. मग त्यानं पोराकडं वळून सगळ्यांसमोर विचारलं, "दिलदार, टकटक हाय का रं? मला ऐकू येत न्हाय."

दिलदारनं बापाकडं बघितलं. "न्हाय आब्बा. एकदम गप हाय."

"मीरासाब मिस्त्री," गणपतराव सर हसत म्हणाले, "आता चहा घ्या. तुमच्या दुकानातला न्हाय, आमचा."

मीरासाबनं चमकून बघितलं.

"सात वर्सांमागं माझ्या फटफटीचा गिअरबॉक्स तुमीच केलाय. मी शेजारी हुबं राहून इचारलं, ह्यो दात झिजला कशानं? तुमी म्हणालासा, इचारू नगंस, कंदील धर."

सगळी पोरं हसली. मीरासाबही हसला. नाइलाजच होता.

चहा पिताना त्यानं सरळच विचारलं. आता नाटक करायचं काही उरलं नव्हतं. "खरं सांगा सर. हितनं दोन वर्सांनी पोरगा मिस्त्री हून निघतोय का?"

"न्हाय," सर म्हणाले. "खोटं कशाला सांगू? हितं त्याला कशामुळं काय हुतंय ते कळंल, मोजाय येईल, एस.टी.त नायतर कारखान्यात अर्ज कराय कागद मिळंल. उद्या नव्या तऱ्हंचं इंजिन आलं तर बुक वाचून खोलंल. पर हात तुमच्याच गॅरेजात बसणार. चारला सुट्टी हुती. साडेचारला तुमच्याकडं."

"आणि दुसरीकडं न धाडता निस्ता माझ्याकडंच ठेवला तर?"

"तर तुमच्यासारखा हुईल. ते काय वंगाळ न्हाय." सरांनी बशी खाली ठेवली. "पर तुमाला जे म्हाईत न्हाय, ते त्याला बी म्हाईत हुणार न्हाय."

परतताना मीरासाब पुन्हा कॅरिअरवर बसला. चढ आला तसा तो खाली उतरला आणि सायकलच्या बाजूनं चालू लागला.

"कान गेलाय माझा," तो म्हणाला.

"म्हाईत हाय आब्बा."

"म्हणून काल जीप तू..."

"व्हय."

"आन् कुणाला म्हाईत हाय?"

"आम्माला. तिला तर माझ्या आदी कळलं."

"तिला कसं?"

दिलदारला हसू आवरेना. "ती चुलीपाशी बसून तुमाला काय काय बोलती, आन् तुमी गप जेवताय. पैल्यांदा तिला वाटलं, शाणं झालं माणूस."

मीरासाब रस्त्यातच थांबला आणि इतका मोठ्यानं हसला, की बैलगाडीवाल्यानं कासरा ओढला. मग म्हणाला, "घरी गेल्यावर फॉर्म काढ. आन् ते पात्याचं काय ते मला परत नीट दाखव."

फॉर्म दिला, तरी काम संपलं नव्हतं. जागा थोड्या आणि अर्ज पुष्कळ. आता मीरासाबलाच घोर लागला. यादी लागायच्या दिवशी तो गॅरेज बंद करून पोराच्या आधी जाऊन उभा राहिला. वाचता फारसं येत नव्हतं म्हणून त्यानं तिथल्या शिपायाला दोनदा वाचायला लावलं. दिलदारचं नाव शेवटून तिसरं होतं. "शेवटून तिसरं म्हंजे आतच की," असं तो रस्त्यात भेटेल त्याला सांगत सुटला. घरी रोशनबीला सांगितलं तेव्हा ती काहीच बोलली नाही. सौदा तिनं पाळला होता. फक्त दाराआड जाऊन तिनं डोळ्याला पदर लावला.

दिलदार सकाळी आयटीआयला आणि साडेचारला गॅरेजात जाऊ लागला. रात्री जेवताना तो दिवसभरात शिकलेलं सांगायचा आणि मीरासाब घास हातात धरून ऐकायचा. ऐकू आलं नाही तर "मोठ्यानं!" म्हणायचा. गॅरेजात त्यानं गिऱ्हाइकांना स्वतःच सांगून टाकलं, "माझा कान गेलाय, पर बोटं हाईत. थांबा, मोजून देतो." एक-दोन ड्रायव्हर दुसरीकडं गेले. बाकीचे थांबले, कारण टॅपेट आता महिना-महिना हलत नव्हते.

पावसाळा सरता सरता गणपतराव सरांचा निरोप आला. पोरांना बेरिंग बसवताना हात कसा ठेवायचा ते दाखवायला शनिवारी येशीला का? मीरासाब गेला. आणि मग दर शनिवारी जाऊ लागला. पाना मात्र त्यानं कुणाला फेकून मारला नाही.

एका शनिवारी कृष्णात नावाच्या नवीन पोरानं हात वर केला. "चाचा, बेरिंगमधी ग्रीस ठासून भरलं तर चाक आणिक गरम का हुतंय?"

मीरासाबनं आयुष्यभर ग्रीस बेतानंच भरलं होतं. का, ते त्याला माहीत नव्हतं. त्यानं कपाळ खाजवलं, पोरांकडं बघितलं, मग मागच्या बाकावर बसलेल्या दिलदारकडं बघितलं. दिलदार गालात हसत होता.

"चांगलं इचारलंस," मीरासाब म्हणाला आणि आपला स्टूल ओढून बाकाजवळ आणला. "दिलदार, तू फळ्यापाशी जा. मोठ्यानं सांग. मी बी बसतो."