पाणी द्यायला कुणी नव्हतं

शमिका हौसाआजीच्या वळकटीवर चक्क बसली, तेव्हा कुठे दोरी आवळली गेली. बाहेर आजीचा लेक नितेश मुंबईहून आणलेली गाडी अंगणात वळवत होता. आजीला न्यायला आला होता तो, कायमचं.

आणि हे सगळं शमिकाच्या भाषणामुळे.

रत्नागिरीच्या वक्तृत्व स्पर्धेत विषय होता ‘आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या’. बाया जास्त, पुरुष कमी, तरणे मुंबईला, गावात म्हातारी माणसं. हे तर सगळ्याच मुली बोलल्या. परीक्षक जांभया देत होते. मग शमिकाने आवाज एकदम खाली आणला. "आमच्या वाडीतली हौसाआजी तापाने फणफणत होती. पाणी द्यायलाही कुणी नव्हतं!" टाळ्या थांबेचनात. पहिला नंबर! व्हिडिओ फिरत फिरत मुंबईला पोचला.

ताप खरा होता. पण दोन्ही वेळची पेज शमिकाची आईच नेत होती, रात्री उशाशी बसतही होती.

तीच आई आत्ता पायरीशी उभी होती, हातात आजीसाठी कुळथाच्या पिठाची पिशवी.

"मथुरावहिनी, अंगणाच्या गडग्यापलीकडे घर तुमचं," नितेश हसून म्हणाला. हसणं कसलं, काटाच तो. "पाणी तरी विचारायचंत!"

आईने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. शमिकाकडे पाहिलंसुद्धा नाही.

शमिका ताडकन उठली. "काका, मी ते स्टेजवर..."

आजीने तिचं मनगट धरलं आणि तिला दाराआड ओढलं.

"गप गो बाय. गणपतीलापण फिरकत नव्हता तो. फोनवर विचारलान, ‘आये, खरं काय?’ मी व्हय म्हटलं."

"पण आजी, आईला तो..."

"तुझी आय समजून घेल."

भरलं सभागृह गाजवणारी शमिका वळकटी उचलून गाडीकडे निघाली.

आजी गाडीत बसली. आईने खिडकीतून पिशवी आत दिली.

"काकी, पोचलात की फोन करा हो."

"कशाला ओझं? मुंबईत सगळं मिळतं," नितेश म्हणाला.

आजीने पिशवी पदराखाली घेतली. गाडी उताराला लागेपर्यंत तिने मान वर केली नाही.