चाळीस मिनिटांत सापडलेली गोगलगाय

मी चष्मे दुरुस्त करते. सुटलेले स्क्रू आवळायचे, काड्या बसवायच्या, नाकाला टोचणारी फ्रेम सरळ करायची. लोकांना नीट दिसावं हा माझा धंदा आणि लोक कुणाला दिसू नयेत हा माझा छंद. आमच्या नणंदबाई दुकानात गल्ल्यावर बसतात, त्यांना हे कोडं कधी सुटलं नाही. खरं सांगू? आता मलाही सुटत नाही.

छंद म्हणजे 'आडपडदा' नावाची चर्चेची साइट. कोणतं ॲप गुपचूप काय गोळा करतं, कोणत्या कायद्याने इंटरनेटवर काय बदलणार, यावर दोनेकशे माणसं तिथे तावातावाने भांडतात. नियम एकच. कुणी कुणाचं खरं नाव विचारायचं नाही, कुठे राहता, कुठे चाललात विचारायचं नाही. साइट मी अशीच बसवून घेतलीय की कोण कुठून आलं याची नोंदच राहत नाही.

गेल्या महिन्यात सरकारने मसुदा काढला, की प्रत्येक साइटने सभासदांची नावं आणि फोन नंबर वर्षभर जपून ठेवायचे. झालं, रणकंदन! 'खवचट' नावाचा एक सभासद मसुद्याच्या बाजूने. "उद्या कुणाच्या जिवावर बेतलं तर शोधणार कसं?" हे त्याचं पालुपद. त्याला सणसणीत उत्तरं द्यायची ती 'गोगलगाय'. चार वर्षांपासूनची सभासद, बोलण्यावरून बाई, बाकी मला काही माहीत नाही. "यादी केली की ती फुटतेच," ती लिहायची. "आणि शोधणारा भलाच असेल हे तुम्हाला कुणी सांगितलं?" मी दुकानात बसून मनातल्या मनात टाळ्या वाजवायचे.

मंगळवारी दुपारी खवचटशी भांडता भांडता तिची वाक्यं अडखळायला लागली. "घाम फुटलाय. अक्षरं दिसत नाहीत. साखर उतरली बहुतेक. फोन आतल्या खोलीत, उठवत ना". तेवढ्यावरच थांबलं.

सगळे माझ्यावर तुटून पडले. चष्मेवाली, पत्ता द्या! पत्ता? माझ्याकडे कसला डोंबलाचा पत्ता! पाच वर्षं ज्याचा टेंभा मिरवला त्याचंच आता रडू यायला लागलं.

नणंदबाई म्हणाल्या, "काय गं, रडतेस का? कोण गेलं?"

"गोगलगाय."

त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

तेवढ्यात खवचटनेच लिहिलं, "पत्ता नसू दे. तिने स्वतःच चार वर्षांत काय काय सांगितलंय ते काढा." मग जो तो तिचे जुने संदेश उपसायला बसला. लिफ्ट बंद पडली की सत्त्याण्णव पायऱ्या. समोर अग्निशमन केंद्र, त्याचा भोंगा वाजला की मांजर पलंगाखाली. खाली पोहण्याच्या तलावाची शिट्टी. मांजराचा एक फोटो, एक कान तुटलेला, मागे खिडकीच्या जाळीवर ठेवलेली निळी टाकी. असं केंद्र आणि असा तलाव समोरासमोर एकाच शहरात आहेत, हे खवचटने नकाशात शोधलं. मी त्या केंद्राला फोन लावला. "निळी टाकी?" पलीकडचा माणूस म्हणाला. "समोरचीच इमारत की हो!"

अर्ध्या तासाच्या आत त्याचा उलटा फोन. दार फोडलं, बाई जिवंत आहेत, दवाखान्यात नेलं. सगळी मिळून चाळीस मिनिटं. मी नणंदबाईंना मिठीच मारली. कशाबद्दल ते त्यांना अजून ठाऊक नाही.

आता इथे माझी अक्कल चरायला गेली. मला वाटलं, हाच तर पुरावा! यादी नसतानाही माणूस सापडतं, मग मसुदा हवाच कशाला? मी 'चाळीस मिनिटांत सापडली' असा लांबलचक लेख लिहिला. पायऱ्या, भोंगा, तलाव, एककानी मांजराचा फोटो, सगळं ओळीने. लोक तब्येत विचारत होते म्हणून दवाखान्याचं नावही घातलं. तिचं नाव मात्र नाही हं! नियम म्हणजे नियम. लेख साइटच्या अगदी वर डकवला. दोन दिवसांत नऊ हजार लोकांनी वाचला. खवचटने खासगीत विचारलं, "हे सगळं असं उघड्यावर ठेवायचं?" मी म्हटलं, हरला म्हणून जळतोय मेला.

गुरुवारी चार तासांची बस पकडून तिला भेटायला गेले. खिडकीजवळचा पलंग, माझ्याच वयाची, किडकिडीत. पडली तेव्हा चष्म्याची काडी निखळली होती. माझ्या पर्समध्ये पेचकस असतोच. पलंगाच्या कडेला बसून मी काडी बसवली आणि चष्मा तिच्या नाकावर ठेवला.

"आता दिसतंय," ती हसली. "ताई, सापडले तरी कशी मी?"

मी ऐटीत फोन पुढे केला. तिने लेख वाचला. मांजराच्या फोटोपाशी तिचा अंगठा थांबला.

"हे सगळ्यांना दिसतं?"

"नऊ हजारांनी वाचलं!"

"चार वर्षांपूर्वी नवऱ्याच्या घरातून निघाले," ती हळू म्हणाली, "ते हे मांजर काखोटीला मारून. कान त्यानेच तोडलाय त्याचा."

मला ऐकू आलं, पण कळायला वेळ लागला. म्हणजे मी हिला वाचवली ना? की... मी फोन घेतला आणि लेख काढून टाकला. पण आता काय उपयोग होता? लोकांनी तो कुठे कुठे पाठवला होता कुणास ठाऊक.

इतक्यात सिस्टर आल्या, अगदी हसतमुख. "अहो, तुमच्या मिस्टरांचा दोनदा फोन आला. केवढी काळजी करतात! कुणीतरी लेख दाखवला म्हणे. वॉर्ड सांगितला मी. बसमध्ये बसलेत."

ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त हाताची सुई काढायला सांगितली आणि पाय खाली सोडले. एक चप्पल सापडेना. मी गुडघ्यांवर बसून पलंगाखालून ती काढली. चुकलं हो माझं, असं म्हणायचं होतं, पण तोंडातून भलतंच निघालं.

"आता कुठे जाणार तुम्ही?"

मी बसवलेल्या चष्म्यातून तिने माझ्याकडे पाहिलं.

"नियम काय आहे आपला, ताई?"

मी चप्पल तिच्या पायापुढे सरकवली.